जरा बरं नाही

१२ फेब्रुवारी

बेरमेतने तिसऱ्या बाकावरून मागे वळून बघितलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तारखेसकट लिहून ठेवतो. पुढे मी प्रसिद्ध झालो तर लोक विचारतील.

झालं असं की मानसशास्त्र शिकवणाऱ्या दामिरा एजेंनी माझा निबंध परत केला. खाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'शब्द खूप, अर्थ कमी.' मी उभा राहून म्हणालो, "एजे, तुम्ही मला गॅसलाइट करताय." वर्ग हसला. एजेही हसल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "बस खाली, बाळ. मी तुझा निबंध नापास केलाय, तुला नाही." एकटी बेरमेत हसली नाही. खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात तिने विचारलं, "तुझ्या मते त्याचा अर्थ काय रे?"

अडीच वर्षं एका वर्गात काढली आणि ती माझ्याशी आज पहिल्यांदा बोलली. मला उत्तर सुचेना. म्हणून दप्तर उचललं आणि निघून आलो. आता परत जायचं नाही. तिथे मन शिकवत नाहीत, मनाची व्याख्या पाठ करून घेतात.

घरी तिलेक बाइकेला सांगितलं. तो माझा थोरला भाऊ, बिश्केक ते नारिन शेअर टॅक्सी चालवतो. मी त्याच्याच फ्लॅटमध्ये राहतो. म्हणाला, "सोडलंस? बरं झालं. गाडी धुवायला माणूस हवाच होता." त्याच्या बायकोने, गुलसाना झेनेने, चहा ओतला. आमच्यात सुना नवऱ्याच्या भावाचं नाव घेत नाहीत, म्हणून लग्न झाल्यापासून ती मला 'शिकलेला' म्हणते. आजही तेच म्हणाली, "शिकलेल्या, जेव." मला टोमणा वाटला. पण तिच्याकडे माझ्यासाठी दुसरं नावच नाही.

बेरमेतचे डोळे तपकिरी आहेत की काळे, ते नीट बघायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

चॅनल सुरू केलं. नाव 'मनातलं'. एका मिनिटात एक शब्द. टॉक्सिक, ट्रॉमा, नार्सिसिस्ट. पहिल्या दोन व्हिडिओंना कोणी विचारलं नाही. तिसरा होता 'तुमच्या घरातला नार्सिसिस्ट कसा ओळखाल', आणि तो उडाला! ओशपासून तालासपर्यंत लोक आपापल्या सासवा ओळखू लागले.

चौथा झेनेवर केला. ती दर शुक्रवारी कढईत तेल तापवते आणि कणकेचे चार-दोन तुकडे सोडते. त्या बोर्सोकच्या तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. मी तिच्या हातांचा आणि कढईचा व्हिडिओ काढला, वर आवाज दिला, 'पिढ्यान् पिढ्यांचा ट्रॉमा असा तळला जातो.' तो त्याहून जास्त चालला. झेनेला दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "कढई घासलेली नव्हती रे. आधी सांगायचंस."

बाइके जेवताना म्हणाला, "मी टॉक्सिक आहे का?"

"आहेस."

"आणि ही?"

"झेने को-डिपेंडंट आहे."

"ऐकलंस का गं? काहीतरी मोठी झालीस." दोघं किती वेळ हसत होती. यालाच बचावाची यंत्रणा म्हणतात.

५ मार्च

ती आली!! इथे, या घरात, या खुर्चीवर.

बेरमेत अतबाशीची, म्हणजे झेनेच्याच गावची, लांबची भाचीही लागते. तिचे वडील तिथल्या शाळेत भूगोल शिकवतात. मला हे माहीत नव्हतं आणि झेनेला माहीत होतं. जगात न्याय नाही. आल्यावर आधी दोघींनी गावातल्या प्रत्येक माणसाची चौकशी केली, मग प्रत्येक गायीची. तोपर्यंत मी दोनदा शर्ट बदलला.

ती वार्षिक प्रकल्प करतेय, दामिरा एजेंकडेच. पुस्तकातला शब्द फोनवर आला की त्याचं काय होतं, हा विषय. तिने फोन मधे ठेवून विचारलं, "रेकॉर्ड केलं तर चालेल?" माझं बोलणं तिला साठवून ठेवायचंय!

म्हणाली, "गॅसलायटिंग म्हणजे नुसतं खोटं बोलणं नाही ना. समोरच्याला एकटं पाडून, त्याचा स्वतःच्या डोळ्या-कानांवरचा विश्वास मोडायचा, आणि तेही रोज, थोडंथोडं. तू तर दुधाची तारीख पुसणाऱ्या दुकानदारालाही तेच म्हटलंयस."

"शब्द प्राध्यापकांच्या बापाचा नसतो. लोकांचा असतो."

"छान. हे पुन्हा म्हण, गाडीचा हॉर्न आला मधे."

मी पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा चांगलं म्हटलं. जाताना तिने जर्दाळूच्या मुरंब्याची बशी बोटाने पुसून खाल्ली. परकं वाटणाऱ्या घरात कोणी असं करत नाही.

१४ मार्च

आज ती पुन्हा आली. माझ्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया छापून आणल्या होत्या. मला वाटलं आता धुलाई. पण तिने एक पुढे सरकवली. कुठल्याशा बाईने लिहिलं होतं, नवरा घराच्या किल्ल्या लपवतो आणि मग सगळ्यांसमोर म्हणतो, हिला काही आठवत नाही. मला खरंच वेड लागलंय असं वाटायचं, याला नाव आहे हे आज कळलं.

बेरमेत म्हणाली, "याच्यासाठीच होता हा शब्द. आमच्या पुस्तकातून हिच्यापर्यंत पोचलाच नसता. तू पोचवलास. हे मी प्रकल्पात लिहिणार आहे."

माझे कान गरम झाले.

"आणि तिच्याच खाली हे वाच."

कोणीतरी लिहिलं होतं, 'माझी आई म्हणते बाहेर थंडी आहे, स्वेटर घाल. मला थंडी वाजत नाही. हे पण गॅसलायटिंग.' आणि त्याला त्या बाईपेक्षा जास्त लाइक.

आम्ही दोघं हसलो. मग तिने कागद परत स्वतःकडे ओढला. म्हणाली, "त्या बाईचं काय होईल रे? उद्या तिने कोणाला सांगितलं तर ते म्हणतील, हो हो, माझी आई पण स्वेटर घालायला लावते."

मी तिच्या पापण्यांकडे बघत होतो. (डोळे तपकिरी आहेत.)

संध्याकाळी गावाला आईला फोन केला. आमच्यात मागणी घालताना मुलाकडचे मुलीच्या कानात कानातले घालतात. म्हटलं, "अपा, कानातले काढून ठेव. बेरमेतच्या घरी जाऊन तिच्या कानात घालायचेत." आई म्हणाली, "मुलीला विचारलंस?" मी म्हटलं, "विचारायची गरज नाही, कळतं." अपा म्हणाली, "मग कानातल्यांनाही थोडं थांबायला काय झालं?"

२२ मार्च

नोरूझचं, म्हणजे नव्या वर्षाचं सुमोलोक, अंकुरलेल्या गव्हाची खीर. इमारतीतल्या बायकांनी अंगणात मोठी कढई लावली होती, सगळ्यांनी आळीपाळीने ढवळलं. खीर तळाला लागू नये म्हणून कढईत खडे टाकतात, त्यातला एक माझ्या वाटीत आला. ज्याला खडा मिळतो त्याने काहीतरी मागायचं असतं. झेनेने बेरमेतलाही बोलावलं होतं. मी खडा तिला दिला, म्हटलं, "तू माग." तिने तो रुमालाने पुसला, खिशात टाकला. "आताच नको. कधीतरी लागेल."

८ एप्रिल

राग मावत नाहीये. सगळं लिहून ठेवतो, कारण पुढे बेरमेत विचारेल.

सकाळी झेनेला गावाहून फोन आला. बेरमेतचे वडील पहाटे गेले. हृदय. धड आजारही नव्हता. आणि तिकडून निरोप काय? मुलीला काही सांगू नका. वडिलांना जरा बरं नाही, घरी बोलावलंय, एवढंच सांगा आणि पाठवून द्या. इकडे आम्ही ऐकवू.

ऐकवू! आमच्यात मरणाची बातमी सांगत नाहीत, ऐकवतात. माणसाला घरी आणायचं, म्हातारे जमवायचे, बायकांनी मागून धरून बसायचं, मग सगळ्यात मोठ्याने सुरुवात करायची. तोवर सगळ्या जगाला माहीत, फक्त ज्याचा बाप गेला त्याला नाही.

झेने वसतिगृहावर गेली, तिला घेऊन आली. बाइकेने गाडीत पुढची सीट दिली. बेरमेतने मला विचारलं, "तुला काही कळलंय का?" झेने माझ्याकडे बघत होती. मी 'नाही' म्हणून मान हलवली. गाडी गेली.

मी मान हलवली! एवढे व्हिडिओ करून, एवढी भाषणं ठोकून, मीही त्यांच्यातलाच एक झालो. दोन तास जिना चढ-उतर करत होतो. मग राहवेना. संदेश पाठवला. जसाच्या तसा उतरवतो:

'बेरमेत, तुझे वडील पहाटे गेले. सगळे मिळून तुला गॅसलाइट करतायत. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, कधीच. माझं तुझ्यावर प्रेम आहे.'

वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. गाडी बूमच्या खिंडीत असेल, तिथे रेंज नसते.

मग त्याच तिरमिरीत व्हिडिओ केला. 'आमच्या लोकांचं सगळ्यात जुनं गॅसलायटिंग'. तिचं नाव घेतलं नाही. फक्त म्हटलं, आज एक मुलगी नारिनच्या रस्त्याला आहे. आजवरचा माझा सगळ्यात चांगला व्हिडिओ. तिच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

११ एप्रिल

बाइके माती देऊन परतला. मी जेवत होतो. त्याने माझ्यासमोरचा पाव उचलून बाजूला ठेवला.

"गाडीत माझं लक्ष तिच्याकडेच होतं," तो म्हणाला. "असं कोणाला नेताना मी गाणी लावत नाही. घाईने कोणाला मागे टाकत नाही. कोचकोरला चहाला थांबतो, तिथून घरी फोन करतो की आता पोचतोय, म्हणजे ते तयार राहतात. इतकी वर्षं नेतोय. खिंडीच्या तोंडाशी तिचा फोन वाजला. पोरीने वाचलं आणि मांडीवर पालथा ठेवला. रडली नाही. रडली असती तर मी थांबलो असतो. मागे दोन व्यापारी होते, एक बाई होती. त्या बाईने तिला सूर्यफुलाच्या बिया दिल्या. ती खात राहिली. कोचकोरपर्यंत खात राहिली."

मी म्हटलं, "निदान तिला खरं..."

"गप्प बस. घरी अंगणात युर्ताचा तंबू उभारलेला, पुरुष काठ्या टेकून रांगेत. तिला आत नेलं, बायकांनी धरलं. सत्तरीचा मोल्दोकान आजा बोलायला लागला. त्याने सकाळपासून मनात शब्द जुळवले असतील. तिला आधीच माहीत होतं. पण त्याला मधे कसं तोडणार? तिने तोंड असं केलं की जणू आत्ताच ऐकतेय. आणि मग तिला रडूच येईना. बापाच्या युर्तात भिंतीकडे तोंड करून बसली, बाकीच्या बायका गाऊन रडतायत, आणि ही गप्प. संध्याकाळपर्यंत तुझा व्हिडिओ गावात पोचला. मग कुजबुज सुरू. हिला ठाऊक होतं म्हणे. गाडीत बिया खात आली म्हणे."

त्याने पाव परत माझ्यापुढे ठेवला. "जेव आता."

जेवलो नाही.

१२ एप्रिल

व्हिडिओ अजून वाढतोय. खरं लिहायचं म्हणून लिहितो, मी दर थोड्या वेळाने आकडा बघतो आणि बघताना बरं वाटतं.

३० एप्रिल

व्हिडिओ काढून टाकला. उपयोग नाही, लोकांनी उचलून आपापल्या चॅनलवर टाकलाय, एकाने खाली नाचाचं गाणंही जोडलंय. आता बिश्केकमध्ये कोणी मित्राला वाढदिवसाची पार्टी लपवून दिली तरी 'ऐकवण्याचं गॅसलायटिंग' म्हणतात. माझाच शब्दप्रयोग. बाजारात कांदे घेताना एका पोरीच्या तोंडून ऐकला. पूर्वीचा मी असतो तर तिला सांगितलं असतं की मीच तो.

बेरमेतला रोज लिहितो, पाठवत नाही. आधी पाठवलेल्यांना उत्तर नाही.

किल्ल्यांवाल्या बाईचं खातं शोधलं. बंद आहे.

१७ मे

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला झेने आणि बाइके गेले. मला कोणी 'येऊ नको' म्हटलं नाही, कोणी 'चल' म्हटलं नाही.

२३ मे

आज दुपारी बेरमेत आली. डोक्याला काळा रुमाल. झेनेने तिला मिठीत घेतलं, मग दुकानात जाण्याचं निमित्त काढून निघून गेली. मी बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "मुरंबा देऊ?"

"नको." ती त्याच खुर्चीवर बसली. "परवानगी हवीये. तुझा व्हिडिओ प्रकल्पात घ्यायचाय. नाव घालणार नाही."

"म्हणजे मी कोण? उदाहरण?"

"तूच म्हणाला होतास, शब्द लोकांचा असतो. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. दोनदा."

मला राग आला. राग आला की मला धीर येतो. म्हटलं, "ते सगळे तुझ्याशी खोटं बोलले आणि गुन्हेगार मी? मी एकट्याने तुला खरं सांगितलं!"

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"कुबात, मला खोटं कोणी सांगितलं? 'जरा बरं नाही, घरी ये' म्हटल्यावर आपल्यात कोणाला कळत नाही? गाडीत बसतानाच मला अर्धं कळलं होतं. अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी रस्ता होता. दोलोनचा घाट चढताना मी म्हटलं असतं, नाही, बरेच असतील. उतरताना म्हटलं असतं, नसतील. दारात पोचेपर्यंत माझं मन आपसूक तिथे आलं असतं. आणि दारात धरायला माणसं होती."

तिने काळा रुमाल नीट केला.

"पुस्तकातली व्याख्या मी तुला याच टेबलावर सांगितली होती. एकटं पाडतात, आणि स्वतःच्या मनावर विश्वास ठेवू देत नाहीत. ते गाव मला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून सकाळपासून उभं होतं. मग त्या दिवशी मला एकटं कोणी पाडलं? अनोळखी माणसांच्या मधे, हातात बिया. अजून मला रडू आलं नाही, माहितेय? अतबाशीत म्हणतात, ती शिकलेली आहे."

"त्यात मी आणखी एक लिहिलं होतं," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. "शेवटच्या ओळीत."

"वाचलं. बाबा गेल्याच्याच ओळीला लागून होतं. आता ते दोन्ही मला वेगळं करता येत नाही."

मी परवानगी दिली. कागदावर सही केली. जाताना तिने खिशातून खडा काढला, सुमोलोकचा, आणि टेबलावर ठेवता ठेवता परत खिशात टाकला. का, ते मला कळलं नाही. आधीच्या मला लगेच कळलं असतं.

१० जून

बेरमेतने आज प्रकल्प मांडला. मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा राहून दाराच्या फटीतून ऐकला. तिने किल्ल्यांवाली बाई आधी घेतली. मग स्वेटर. मग मला, 'एका चॅनलवरील तरुण'. माझी चेष्टा केली नाही. म्हणाली, शब्द नवा असला की माणसाला वाटतं हातात दिवा आला, आणि तो जिथे जाईल तिथे दाखवत सुटतो, झोपलेल्याच्या डोळ्यांतसुद्धा. दामिरा एजेंनी विचारलं, "मग तरुणाने काय करायला हवं होतं?" बेरमेत म्हणाली, "ते माझ्या प्रकल्पात बसत नाही, एजे."

ती उद्या सुट्टीसाठी गावाला जातेय. मी तिच्या नजरेला न पडता परत आलो. अपाचा फोन आला होता. कानातल्यांचं तिने काही विचारलं नाही.

२४ जून, मंगळवार

दहा मिनिटं आहेत. झेने कपडे बदलतेय. पटापट लिहितो.

बाइकेचा फोन आला, अतबाशीहून. काल प्रवासी घेऊन गेला होता, तिथेच थांबलाय. "झेने जवळ आहे?" मी म्हटलं, स्वयंपाकघरात. त्याचा आवाज खाली गेला. "सासरे गेले. सकाळी. कळलं ना? तिला घेऊन ये. खालच्या सादिरला सांगितलंय, तो गाडी आणतोय."

मी म्हटलं, "मी? बाइके, मी कसा? दुसऱ्या कोणाला तरी सांग."

"मीही तेच म्हणत होतो. इथे बायका बसल्यात, कोण आणणार त्यावर चर्चा चाललीये. बेरमेत म्हणाली, कुबात आणेल."

कुठल्या आवाजात म्हणाली, हे मी विचारलं नाही.

स्वयंपाकघरात गेलो. झेने भांडी पुसत होती. मी हात खिशात घातले. "झेने, गावाहून फोन होता. तुझ्या वडिलांना जरा बरं नाही म्हणे. जाऊन येऊ या."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, खाली घातली नाही, जशी होती तशी ठेवली. यापेक्षा अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

"जरा?" ती म्हणाली.

"हो. जरा."

"बरं." तिने फडकं घडी करून ठेवलं. किती, कधीपासून, डॉक्टर आले का, एकही प्रश्न नाही. कढई काढली. चांगली घासलेली होती. तेल ओतलं, कालच्या कणकेचे तुकडे तोडले आणि एकेक सोडायला लागली. आज शुक्रवार नाही. मी दारात उभा होतो. तेलाचा वास घरभर झाला, खिडकीतून बाहेर गेला. ती पाठमोरीच म्हणाली, "शिकलेल्या, कोट घे. दोलोनवर जूनमध्येही वारा असतो."

मी "हो" म्हटलं. तिला अर्धं कळलंय. की सगळं. ते विचारायचा हक्क माझा नाही, ते तिचं आणि रस्त्याचं.

फोन बंद करून या वहीवर ठेवतोय. इथेच राहू दे. खाली हॉर्न वाजला. आधी जाऊन सादिरला सांगायला हवं की गाणी लावू नको, घाई करू नको, कोचकोरला थांब, तिथून त्याच्याच फोनवरून मी घरी कळवीन. दारात बायका उभ्या असतील. त्यांच्यात बेरमेतही असेल, धरायला. झेनेला.

झेने कोट घालून आली. बोर्सोक कागदात बांधून घेतलेत. गॅस बंद केलाय, मी बघितला. ती पुढे झाली, जिना उतरतेय. मी निघतो, दार लावतो.